कोड्यावरची पट्टी

दिग्रस,
२६ ऑगस्ट २०१७

चि. बबितास,
भरभरून दुआ.

सोबत शुक्रवार, १५ सप्टेंबरचं शब्दकोडं आहे. फकिरा कंडक्टरला बजावून सांगितलंय की लिफाफा दारव्ह्याच्या स्टँडवर उकंडाच्या पानटपरीवरच द्यायचा. मागच्या खेपेला त्याने तो भलत्याच बाईच्या हातात ठेवला आणि तिने अर्धं कोडं सोडवूनही टाकलं होतं. चुकीचं सोडवलं होतं, पण हौस दांडगी.

नेहमीप्रमाणे आधी स्वतः सोडव. जिथे अडशील तिथे पेन्सिलीने गोल कर. बुधवारच्या गाडीने परत यायला हवं, म्हणजे मला सुधारून पेपरकडे पाठवता येईल. पाचवीत तू तांड्यावरून माझ्या वर्गात आलीस तेव्हा गोरबोलीशिवाय तोंडातून शब्द निघत नव्हता. मराठी यावी म्हणून मी तुला कोडी घातली आणि आज तू माझीच कोडी तपासतेस. शाळेतल्या कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

आता वाईट बातमी. पेपरने जूनपासून कोडं छापील पुरवणीतून काढलं आणि फोनवर नेलं, हे तुला ठाऊक आहेच. जो पैसे भरेल त्यालाच दिसेल. मला विचारलं नाही, सांगितलंसुद्धा नाही. शुक्रवारी पेपर उघडला तर माझ्या जागेवर पाण्याच्या पंपाची जाहिरात! संपादकांना भेटायला यवतमाळला गेले. चहा पाजला आणि म्हणाले, "मॅडम, दिवाळीपर्यंत बघू. पैसे भरणारे वाचक जमले तर चालू ठेवू, नाहीतर बंद." वीस-बावीस वर्षांचं काम त्यांनी एका कप चहात बसवलं.

मला नातवंडं नाहीत, नोकरी संपली, कान गेले. शुक्रवारचं कोडं आणि त्याच्यावरच्या पट्टीत छापलेलं 'रचना : आयशाबी' एवढंच काय ते उरलंय. ते जाऊ नये असं फार वाटतं. तू पैसे भरून घेतेस हे वाचून बरं वाटलं. माझ्या फोनवर शहजादने चढवून दिलंय. माझ्या भावाचा मुलगा, स्टँडमागे गॅरेज आहे ना, तो. फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं कळत नाही. लिही.

तुझी बाई,
आयशाबी


यवतमाळ,
१२ सप्टेंबर २०१७

आदरणीय बाईंना,
बबिताचा वाकून नमस्कार.

कोडं उशिरा परत करतेय, माफ करा. पत्ता बघून घाबरला असाल. आमच्या ह्यांना, इंद्रजीतना, दवाखान्यात आणलंय. कपाशी यंदा पुरुषभर वाढली, फवारताना औषध वरून अंगावर आलं. रात्री उलट्या, सकाळी डोळ्यांपुढे अंधार. आता जिवाची भीती नाही असं डॉक्टर म्हणतात. डोळ्यांवर पट्टी आहे. ती काढल्यावर काय ते कळेल.

वॉर्डात असे बरेच जण आहेत. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्ट्या आणि सगळे गप्प. आम्ही बायका व्हरांड्यात बसतो. शुक्रवारी मी खाटेशेजारी बसून यांना कोडं वाचून दाखवत होते. आडवा तिसरा : 'कापसातून रुई काढल्यावर उरते ती, तीन अक्षरी.' हे काही बोलायच्या आत पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा ओरडला, "सरकी! लिहा सरकी!" मग चौथ्या खाटेवरून कुणी म्हणालं, "ओ बाई, मोठ्यानं वाचा ना, आमालेबी ऐकू द्या." बाई, तीन दिवसांत त्या वॉर्डात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

कोड्यात दोन जागी गोल केलाय. उभा सातवा फार पुस्तकी वाटला. बाकी नेहमीसारखं झकास.

सासूबाई हंसाबाई तांड्यावर मुलींजवळ आहेत. अंगणवाडीतून सुट्टी घेतलीय. काळजी करू नका.

तुमची विद्यार्थिनी,
बबिता


दिग्रस,
२३ सप्टेंबर २०१७

चि. बबितास,
दुआ, आणि इंद्रजीतसाठी वेगळी दुआ.

पत्र वाचून त्याच दिवशी खिमा केला. फकिराबरोबर डबा पाठवला होता तो मिळाला का? त्याला दवाखान्यापर्यंत जायला सांगितलं तर म्हणाला, "बाई, मी कंडक्टर हाय, पोस्टमन नाही." पण गेला असणार, मनाने चांगला आहे. इंद्रजीतच्या डोळ्यांचं काय झालं ते लगेच कळव.

सरकीचा किस्सा मी तीनदा वाचला. माझं कोडं कुणाला हसवतं हे मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

पण बबिता, आता हे सगळं संपत आलंय बहुतेक. संपादकांचा निरोप आला. पैसे भरणारे वाढायचे सोडून गळायला लागलेत. कारणही सांगितलं : कुणीतरी दर शुक्रवारी सकाळी कोड्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फुकट वाटतंय. पेपरच्या नावाची पट्टी कापून. मग पैसे कोण भरेल?

मी काल शहजादला बोलावलं. माझ्या घरात हे फोनचं ज्ञान त्याच्याशिवाय कुणाला आहे? त्यानेच सगळं चढवलं, पासवर्डही त्याच्याचकडे. गॅरेजवर पोरं जमतात, त्यांना दाखवलं असेल, म्हटलं. मग मी नको ते बोलले. 'घरात चोर पाळला' इथपर्यंत बोलले. तो हातातला चहा तसाच ठेवून निघून गेला.

एक विचारायचंय, खरं सांग. माझी कोडी कठीण झालीत का? शब्द जुने झालेत का? मला वाटायला लागलंय की फुकट वाटणारा निमित्त आहे. मुळात कुणाला नकोच असेल तर पैसे तरी का भरतील? आजकाल मी सोपे सोपे शब्द घालतेय. घर, आई, पाणी. करताना लाज वाटते.

तुझी बाई,
आयशाबी


बोरी तांडा, ता. दारव्हा,
४ ऑक्टोबर २०१७

आदरणीय बाईंना,
सादर नमस्कार.

पट्टी निघाली. उजव्या डोळ्याने स्वच्छ दिसतं, डाव्याने धुक्यातून पाहिल्यासारखं. चालेल म्हणतात. आम्ही तांड्यावर परत आलो. डबा मिळाला होता. तुमच्या हातच्या खिम्याचा वास वॉर्डभर पसरला आणि फकिराभाऊ स्वतः एक पोळी खाऊन गेले.

बाई, शहजादभाईंना एवढं बोलायला नको होतं. ते असं करणार नाहीत. मला त्यांची ओळख फारशी नाही, पण वाटतं तसं. त्यांना परत बोलवा ना.

आणि कोडी सोपी करू नका. अजिबात नका. मागच्या शुक्रवारचं फारच सोपं होतं, सगळ्या बायका म्हणाल्या की, म्हणजे मी इथे दोघी-तिघींना दाखवलं होतं, त्या म्हणाल्या की मजा नाही आली. तुमचे अडवणारे शब्दच हवे असतात.

एक विचारू? रागावू नका. पूर्वी पेपर उकंडाच्या टपरीवर यायचा. तो एकटाच विकत घ्यायचा आणि अख्खा स्टँड वाचायचा. कोडं तर सगळे मिळून सोडवायचे. जीपवाले, भाजीवाल्या, कॉलेजची पोरं. तेव्हा तुम्ही कधी त्याला चोरी म्हणाला नाहीत. उलट सांगताना खूश असायचात. मग आता कुणी फोनवर तेच केलं तर ते एवढं वाईट का? यंदा बोंडात अळी निघून राहिलीय. बायका दिवसभर कवडी कापूस वेचतात, अर्धं बोंड किडकं. त्यांनी एका कोड्यासाठी पैसे भरावेत का? कुलूप तर पेपरवाल्यांनी तुम्हालाही न विचारताच लावलं.

मी आपलं सहज विचारतेय.

तुमची विद्यार्थिनी,
बबिता


दिग्रस,
१४ ऑक्टोबर २०१७

चि. बबितास,
दुआ.

एका डोळ्याने का होईना, दिसतंय. अल्लाची मेहेरबानी. डाव्यासाठी औषध चुकवू देऊ नकोस.

तुझा प्रश्न मी चार दिवस घोळवला. शिक्षिकेला प्रश्न विचारलास, आता उत्तर घे. टपरीवरचा पेपर कुणीतरी विकत आणलेला असायचा आणि संध्याकाळी तिथेच असायचा. दहा माणसं वाचून गेली तरी त्या पट्टीतलं माझं नाव तिथेच. दुसऱ्या दिवशी कुणी स्टँडवर भेटलं की म्हणायचं, "काय बाई, काल लई घुमवलं तुमी आमाले." मला त्यात सगळं मिळायचं. हा जो फोनवाला आहे, त्याने कुलूप फोडलं याचा मला तेवढा राग नाही. कुलूप मलाही आवडत नाही. पण त्याने ते माझ्यासाठी फोडलेलं नाही, बायकांसाठीही नाही. बायकांसाठी असतं तर नाव का कापलं असतं? आणि मला येऊन का सांगितलं नसतं, की बाई, मी असं असं करतोय, तुमचं काय म्हणणं आहे? कदाचित मी हो म्हटलं असतं. मला कुणी विचारलंच नाही. पेपरने कुलूप लावताना विचारलं नाही, याने काढताना विचारलं नाही.

शहजाद पुसदला निघून गेला. तिथे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये कामाला लागलाय म्हणे. त्याची आई माझ्याशी बोलत नाही. चोर तो चोर, वर रुसवा!

सोबतचं कोडं २७ तारखेचं आहे. २० तारखेला पाडवा, आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनाची सुट्टी, त्यामुळे पेपर निघणार नाही. घाई नाही तुला. एसटीचा संप होणार असं फकिरा सांगतोय, तेव्हा गाड्या सुरू होतील तशी पाठव. हे कोडं मी पुन्हा कठीण केलंय, तू सांगितलंस म्हणून. कदाचित शेवटचं असेल. होऊन जाऊ दे.

तुमच्या तांड्यावर दिवाळीला लेकी दिवे घेऊन घरोघर मेरा, म्हणजे ओवाळणी, मागतात, ते तू पाचवीच्या निबंधात लिहिलं होतंस. अजून आठवतं. मुलींना माझ्याकडून गोड दे.

तुझी बाई,
आयशाबी


दिग्रस,
२२ ऑक्टोबर २०१७

बबिता,

संप मिटला. आज पहिली गाडी दारव्ह्याकडून आली. तुझा लिफाफा तिच्यात नव्हता. असायचं कारणही नव्हतं.

कोडं मात्र कालच आलं.

काल भाऊबीज. शेजारी बबनरावांच्या घरी त्यांची बहीण आलीय, आर्णीची. मला फराळाला बोलावलं होतं. ती फोन पुढे करून म्हणाली, "बाई, तुमी मराठीच्या मास्तरीण ना? हे बारावं उभं काही केल्या येऊन नाही राह्यलं. जरा सांगा." मी चष्मा लावला.

२७ तारखेचं कोडं होतं, बबिता. अजून पेपरलाही न पाठवलेलं. जगात त्याच्या दोनच प्रती आहेत, एक माझ्या टेबलाच्या खणात आणि एक तुझ्याकडे.

मी म्हटलं, हे कुणाचं? ती म्हणाली, "हे व्हय? हे बबिताबाईचं कोडं. दारव्ह्याकडल्या कोण्या बबिताबाई हायेत, त्या दर शुक्रवारी टाकतात. लय भारी राह्यते. आमच्या आर्णीत तर सगळ्या बायका वाट पाह्यतात."

मी तिला बारावं उभं सांगितलं. आभार मानून म्हणाली, "तुमालेबी येते वाटते कोडं."

उत्तर पाठव.

आयशाबी


बोरी तांडा,
२९ ऑक्टोबर २०१७

बाई,

नमस्कार लिहायचीही लाज वाटतेय.

मीच. सगळं मीच केलं. दवाखान्यात सुरू झालं. मी वाचून दाखवत होते, तर एका बाईने विचारलं, उद्या आमी घरी गेलो तर पुढलं कसं मिळंल? मी फोटो काढून तिला पाठवला. मग तिच्या शेजारणीला. मग वॉर्डातल्या बायकांचा ग्रुप झाला, तांड्याचा झाला, आणि मग ते माझ्या हातात राहिलं नाही. वरच्या पट्टीत पेपरचं नाव होतं, तक्रार होईल म्हणून मी ती कापली. तुमचं नाव त्याच पट्टीत होतं. कापताना दिसलं. तरी कापलं.

पहिल्यांदा कुणी 'बबिताबाईचं कोडं' म्हटलं तेव्हा मी लिहिलं, माझं नाही. कुणाचं ते लिहिलं नाही. दुसऱ्यांदा गप्प बसले. नंतर, बाई, ते गोड लागायला लागलं. तांड्यावरच्या अंगणवाडीवालीला जिल्ह्यातल्या बायका बाई म्हणून राहिल्या होत्या. तुम्हाला म्हणतात तसं.

२० तारखेचं मुद्दाम सांगते. आदल्या रात्री, दिवाळीच्या अमावस्येला, पोरी मेरा मागून आल्या. माहेरवाशिणी संपातही जीपला लटकून आल्या होत्या. सकाळी रानातून फुलं वेचून सगळ्या माझ्या अंगणात बसल्या. शुक्रवार होता ना. "कोडं दे, कोडं दे." पेपर नाही हे मला माहीत होतं. तुमचा लिफाफा घरात होता. यंदा कुणाच्या घरी दिवाळी नव्हती, बाई. पोरींना द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं. मी दिलं. ग्रुपवरही टाकलं, आणि दिग्रसपर्यंत जाईल हा विचारच मनात आला नाही.

परवा पुसदला जाऊन शहजादभाईंना भेटले. सगळं सांगितलं. ते गाडीखालून बाहेर आले नाहीत. खालूनच म्हणाले, "फुप्पीनं मले इचारलंच नाही, सीधा चोर म्हटलं. अन तू सगळं मालूम असून चूप राह्यली. आता काहून आली?"

पेपर कोडं बंद करणार असेल तर करू दे, बाई. तुम्ही मला पाठवत जा, मी ग्रुपवर टाकत जाईन. तुमच्या नावाने. ग्रुप भरला म्हणून दुसरा करावा लागला, तिसरा पुसदच्या एका बाईने केलाय. किती लोक सोडवतात ते मलाही आता मोजता येत नाही. पेपरवाल्यांकडे एवढे वाचक कधी नव्हते.

शिक्षा करा, पण लिहीत राहा.

बबिता


दिग्रस,
१८ नोव्हेंबर २०१७

बबिता,

पेपरचं पत्र आलं. 'वाचकांच्या प्रतिसादाअभावी सदर बंद करण्यात येत आहे.' एका ओळीचं. खाली सहीसुद्धा शिक्क्याची.

शहजाद मागच्या शुक्रवारी आला. दारात उभा राहिला, मी ताट वाढलं, जेवला. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण ती माफ केल्याची होती की जेवण पुरे झाल्याची, मला कळलं नाही. परत पुसदला गेला. त्याच्या बाबतीत मी गुन्हेगार आहे आणि ते तुझ्या डोक्यावर टाकणार नाही. जीभ माझी होती. पण मी त्याला चोर म्हटलेलं तू वाचलंस, आणि उत्तरात मला एवढंच लिहिलंस, 'वाटतं तसं'.

तरी हेही मी गिळलं असतं. वॉर्डातला तो म्हातारा आठवला की माझा राग गळतो. त्या दिवशी मी असते तर मीच मोठ्याने वाचलं असतं आणि मीच फोटो काढायला सांगितलं असतं. दिवाळीच्या सकाळचंही समजू शकते. पोरी दारात बसल्या तर मीही लिफाफा फोडला असता.

जे गिळवत नाही ते ऐक. मी तुला विचारलं होतं, माझी कोडी जुनी झालीत का, कुणाला नकोशी झालीत का. त्या वेळी आर्णीपासून पुसदपर्यंत बायका शुक्रवारची वाट पाहत होत्या. तुला ते माहीत होतं. रोज तुझ्या फोनवर ते दिसत होतं. आणि मी इथे टेबलाशी बसून 'घर' आणि 'पाणी' लिहीत होते, स्वतःला संपलेली समजून. एक ओळ लिहिली असतीस, 'बाई, सगळे सोडवतात', तर मी पेपरला लाथ मारली असती आणि हसत मारली असती. तू कोडं लोकांना वाटलंस ते ठीक. पण माझी माणसं तू माझ्यापासून लपवून ठेवलीस. 'बाई, काल लई घुमवलं' हे मला म्हणायचं होतं ना गं कुणी. ते तू एकटीने ऐकलंस.

मी तुला शब्द दिले होते, बबिता. नाव द्यायचं राहिलं होतं, ते तू घेतलंस.

यापुढे फकिराकडे लिफाफा देणार नाही. तपासायला माझ्याकडून काही येणार नाही. पत्र लिहू नकोस, मी फोडणार नाही. इंद्रजीतचा डोळा सुधारला तर फकिराजवळ तोंडी निरोप ठेव, तेवढं मला कळायला हवं.

सोबत एक कोडं आहे. हे शेवटचं आणि हे तपासायचं नाही. ग्रुपवर टाक, सगळ्या ग्रुपांवर. फुकट टाक, माझी परवानगी आहे, आणि या खेपेला मला विचारून टाकतेयस एवढं लक्षात ठेव. भरपूर अवघड केलंय. बायकांचा आठवडा जाईल.

वर पट्टी नाही, तेव्हा तुला काही कापायचा त्रास नाही. माझं नाव या वेळी मधल्या ओळीत आहे. आडवा अकरावा, चार अक्षरी, संकेत : 'आजवरची सगळी कोडी हिची'. वरून खाली येणारे चार उभे शब्द त्यातून जातात. ते बरोबर आले की ती चार अक्षरं आपोआप भरतील. ती कापायची तर अख्खं कोडं कापावं लागेल.

उत्तर तुला ठाऊक आहे. ग्रुपवर सांगू नकोस. त्यांना शोधू दे.

आयशाबी